अ‍ॅलेक्स इंग्लिश: बॉल हातात येण्याआधीच निम्मं काम उरकणारा खेळाडू

उदगीरकडच्या एका शाळेतले क्रीडाशिक्षक विचारतात: "आमची लेकरं मोबाइलवर बास्केटबॉलवाल्या स्टेफ करीचे व्हिडिओ बघतात आणि मैदानावर आली की थ्री-पॉइंट रेषेच्याही मागून बॉल फेकत बसतात. मैदान सिमेंटचं, अंगकाठी बारीक, जिम नाही. निवृत्त झालेला, फारसा गाजावाजा नसलेला, पण बघून शिकता येईल असा एखादा व्यावसायिक खेळाडू सांगा. आणि तो एवढा चांगला होता तर त्याचं नाव का झालं नाही तेही सांगा, कारण पोरं पहिल्यांदा हेच विचारणार."

सर, माझ्याकडे याला एकच नाव आहे: अ‍ॅलेक्स इंग्लिश, डेन्व्हर नगेट्स संघाचा फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचा खेळाडू. १९८०च्या दशकात एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, सगळ्यांत जास्त गुण कोणी केले, हे कुठल्याही क्रीडा संकुलावर संध्याकाळी जमणाऱ्या जुन्या खेळाडूंना विचारून बघा. लॅरी बर्ड, मॅजिक जॉन्सन, जॉर्डन, ज्युलियस अर्विंग ही नावं पटापट येतील. इंग्लिशचं नाव बहुधा कोणीच घेणार नाही. ते दशक गुणांच्या हिशेबात त्याचं होतं. मराठवाड्यात मुला-मुलींना शिकवताना मी सर्वांत जास्त वेळा याच माणसाचा खेळ दाखवलाय आणि अजूनही दाखवतो.

आधी कारकीर्द सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिच्यातच आहे.

जन्म १९५४चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरातला. त्याच शहरातल्या युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायनाकडून तो फ्रँक मॅग्वायर यांच्या हाताखाली चार वर्षं खेळला. कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंना संघ आळीपाळीने उचलतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. १९७६च्या ड्राफ्टमध्ये इंग्लिश दुसऱ्या फेरीत गेला, २३व्या क्रमांकावर. मिलवॉकी बक्सने घेतलं आणि बहुतेक वेळ बाकावर बसवलं. पहिल्या हंगामातली सरासरी ५.२ गुण. दोन वर्षांनी तो इंडियाना पेसर्सकडे गेला. तिथे सरासरी १६ गुणांच्या आसपास पोचली, म्हणजे खेळाडू तयार होत होता हे दिसत होतं. तरीही फेब्रुवारी १९८० मध्ये इंडियानाने त्याला डेन्व्हरला देऊन टाकलं, आणि वरून ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची एक जागाही दिली. बदल्यात घेतला जॉर्ज मॅगिनिस. मॅगिनिस हा इंडियानाचा जुना लाडका, एबीए ही वेगळी लीग होती त्या काळात त्यांना विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघातला. पण परत आला तेव्हा त्याचा उतार सुरू झाला होता आणि १९८२ मध्ये तो थांबलाही. पेसर्सच्या इतिहासातला सगळ्यांत तोट्याचा सौदा कोणता, यावर आजही याच सौद्याचं नाव निघतं.

पंचविशी उलटली तोवर तीन संघ. आपल्याकडे एखाद्या पोराला दोनदा निवड चाचणीतून वगळलं की घरचे म्हणतात, आता अभ्यासाला लाग. म्हणून हा भाग लेकरांना आवर्जून सांगा.

डेन्व्हरला मात्र त्याने जे केलं ते आधी कोणीच केलेलं नव्हतं. १९८१-८२ ते १९८८-८९ असे सलग आठ हंगाम त्याने दर हंगामात २,००० किंवा जास्त गुण केले. एनबीएमध्ये हे करणारा तो पहिला. हंगाम ८२ सामन्यांचा. म्हणजे एकही सामना न चुकवता प्रत्येक सामन्यात २४च्या वर गुण, तेव्हा कुठे २,००० होतात. आठ वर्षांत त्याचे हुकलेले सामने एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ६ फूट ७ इंच उंचीचा, जेमतेम ८६ किलो वजनाचा शेलाटा माणूस. त्याच्यापेक्षा दांडगे खेळाडू गुडघे आणि पाठ धरून बसत होते तेव्हा हा रोज मैदानावर होता. १९८२-८३ मध्ये सरासरी २८.४ गुण घेऊन तो लीगचा अव्वल स्कोअरर ठरला. दुसरा आला किकी वँडवे, सरासरी २६.७, आणि तोही डेन्व्हरचाच. त्याच संघात डॅन इसेलही वीसच्या वर सरासरी राखून होता. १९८५-८६ मध्ये इंग्लिशने स्वतःची सर्वोत्तम सरासरी गाठली, २९.८, पण त्या वर्षी डॉमिनिक विल्किन्स ३०.३ वर होता.

१९९० मध्ये डेन्व्हरने त्याला सोडलं. एक हंगाम डॅलस मॅव्हरिक्सकडे, मग थोडं इटलीत नेपोलीकडे, आणि खेळ संपला. एनबीएमधल्या एकूण १,१९३ सामन्यांत २५,६१३ गुण. १९९१ मध्ये लीग सोडली तेव्हा एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणाऱ्यांत तो सातवा होता. १९९७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या मोठ्या माणसांच्या मानाच्या यादीत, गेला. पुढे टोरोंटो रॅप्टर्सचा सहायक प्रशिक्षक म्हणून बरीच वर्षं काम केलं.

आता मुख्य मुद्दा. हे गुण आले कसे?

त्या २५,६१३ गुणांची फोड करून बघा. मैदानातून १०,६५९ बास्केट, त्यांतले थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेषेमागून टाकलेले तीन गुणांचे शॉट, फक्त १८. होय, अख्ख्या कारकिर्दीत अठरा. फ्री-थ्रोचे, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून टाकायला मिळणाऱ्या शॉटचे, ४,२७७. म्हणजे फाउल काढून रेषेवर उभं राहूनही त्याने पोट भरलं नाही. बहुतेक सगळे गुण दोन-दोनच्या बास्केटांचे, आणि तेही जास्त करून आठ ते पंधरा फुटांवरच्या हलक्या जम्प शॉटचे. नेम ५०.७ टक्के. जम्प शॉटवर जगणाऱ्या फॉरवर्डने कारकिर्दभर निम्म्याहून जास्त शॉट बास्केटमध्ये घालत राहणं ही फार मोठी गोष्ट आहे. एखादा हंगाम अनेकांना जमतो.

याचं मूळ डग मो नावाच्या प्रशिक्षकात आहे. १९८०-८१च्या हंगामात मध्येच तो डेन्व्हरचा प्रशिक्षक झाला आणि त्याने ठरवून दिलेल्या चाली जवळजवळ बंदच केल्या. आपण फळ्यावर बाण काढून शिकवतो ना, एक नंबर इकडे, दोन नंबर तिकडे, ते त्याला मान्य नव्हतं. त्याचा नियम साधा: बॉल हातात धरून ठेवायचा नाही, एक-दोन सेकंदांत पास, शॉट किंवा रिंगकडे धाव, आणि पास दिला की उभं राहायचं नाही. समोरच्या संघाला चाल ओळखता येत नव्हती, कारण चालच नव्हती. यात पाचही जणांना मैदान वाचता यावं लागतं, आणि इंग्लिशइतकं ते कोणालाच जमत नव्हतं.

त्याचा खेळ बघताना बॉलकडे बघायचंच नाही, फक्त त्याच्याकडे बघायचं. हा माणूस पळतोय असं वाटतच नाही. कोपऱ्यातून दोन पावलं आत, एक थबक, परत बाहेर. अंगावरचा बचावपटू क्षणभर बॉल कुठे आहे ते बघायला मान वळवतो, आणि नेमक्या त्याच क्षणी इंग्लिश त्याच्या पाठीमागून रिंगकडे सरकलेला असतो. बॉल येतो तेव्हा तो एकटा असतो. मग शॉट सोपा.

आपल्या लेकरांना हे समजावणं मला कधी अवघड गेलं नाही, कारण खो-खो त्यांच्या अंगात आहे. धाराशिवच्या सारिका काळेंना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला ते तुम्हाला आठवतच असेल, त्या बाजूच्या पोरी मैदानावर आल्या की मी एवढंच म्हणतो, "खो-खोत संरक्षण करताना तुम्ही पाठलाग करणारीचा खांदा बघता की पाय?" सगळ्या एका सुरात म्हणतात, खांदा. इंग्लिश तेच करायचा. बचावपटूचा खांदा बॉलकडे वळला की मागची वाट उघडी. दहा मिनिटांत कळतं. अंगवळणी पडायला महिने लागतात, पण कळायला दहा मिनिटं पुरतात.

दुसरी शिकण्याची गोष्ट त्याचा शॉट. बॉल लवकर डोक्याच्या वर न्यायचा आणि तिथूनच मनगटाने सोडायचा. उडी थोडीच. हात लांब आणि सोडण्याची जागा एवढी उंच की अडवणाऱ्याचा हात पोचेपर्यंत बॉल गेलेला असायचा. हा शॉट जशाचा तसा लेकरांना शिकवू नका. लहान मुलांच्या खांद्यात तेवढं बळ नसतं, बॉल डोक्यामागे जातो आणि नेम बिघडतो. पण उडीवर भिस्त न ठेवता वेळेवर आणि जागेवर ठेवायची, हे सिमेंटच्या मैदानावर खेळणाऱ्यांना सोन्यासारखं आहे. आपल्याकडची कितीतरी चांगली पोरं अठराव्या वर्षी गुडघे घेऊन बसतात, सर. दिवसभर उन्हात तापलेल्या त्या सिमेंटवर आपणच त्यांच्याकडून नुसत्या उड्या मारून घेतो.

एक सामना जरूर शोधून दाखवा. १३ डिसेंबर १९८३, डेन्व्हर विरुद्ध डेट्रॉइट पिस्टन्स. तीन जादा डाव, आणि डेट्रॉइट १८६–१८४ असं जिंकलं. एनबीएच्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून झालेले हे सर्वाधिक गुण. वँडवेचे ५१, इंग्लिशचे ४७, समोरून आयझेया थॉमसचेही ४७. ३७० गुणांच्या त्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून थ्री-पॉइंटर फक्त दोन पडले. "लांबून टाकल्याशिवाय गुण होत नाहीत सर" असं म्हणणाऱ्या पोराला हा आकडा सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

आता नाव का झालं नाही ते.

विजेतेपद नाही, हे पहिलं कारण. डेन्व्हर सलग नऊ वर्षं प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, गेलं, पण पश्चिम विभागात वाटेवर मॅजिक आणि करीम अब्दुल-जब्बारचा लेकर्स संघ उभा. १९८५ साली संधी सगळ्यांत जवळ आली होती. वँडवेच्या बदल्यात फॅट लेव्हर, कॅल्विन नॅट आणि वेन कूपर आले होते, डेन्व्हरने ५२ सामने जिंकले आणि पश्चिम विभागाची अंतिम फेरी गाठली. तिथे चौथ्या सामन्यात इंग्लिशचा अंगठा मोडला. पाचव्या सामन्यात तो नव्हता आणि लेकर्सनी १५३–१०९ असा धुव्वा उडवून मालिका ४–१ ने घेतली. तो असता तर डेन्व्हरने लेकर्सना हरवलं असतं असं मी म्हणणार नाही. लेकर्स त्या वर्षीचे विजेतेच ठरले. पण ती मालिका लांबली असती, लोकांनी त्याला आणखी दोन-तीन रात्री बघितलं असतं, आणि आठवणी अशाच तयार होतात.

दुसरं कारण, त्याच्या जागेवर त्या काळात झालेली गर्दी. लॅरी बर्ड, ज्युलियस अर्विंग, बर्नार्ड किंग, विल्किन्स, एड्रियन डँटली, मार्क अग्वायर, सगळे फॉरवर्ड. हंगामातल्या सर्वोत्तम पाच जणांच्या पहिल्या संघात इंग्लिश कधीच आला नाही. दुसऱ्या संघात तीनदा आला. ऑल-स्टार सामन्यासाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, मात्र आठ वेळा निवडला गेला. डेन्व्हर पर्वतांतलं शहर, त्याचे सामने देशभर फारसे दिसायचे नाहीत. तेव्हा एनबीएची हालत अशी होती की १९८०च्या अंतिम मालिकेतला निर्णायक सामनासुद्धा अमेरिकेतल्या बहुतेक भागांत रात्री उशिरा रेकॉर्ड करून दाखवला गेला. तिथे डेन्व्हरला कोण विचारतो?

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याचं कौशल्य बॉल हातात येण्याआधी संपायचं, आणि कॅमेरा बॉलच्या मागे असतो. डंक दिसतो, नो-लुक पास दिसतो, हवेत लटकलेला जॉर्डन दिसतो. बचावपटू मान वळवेपर्यंत थांबलेली ती अर्धी सेकंद दिसत नाही. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत तर मुळीच नाही. इंग्लिशचे सगळे शॉट कापून एकत्र जोडले तर ते एकसारखे आणि सोपे दिसतात. पोरं म्हणतात, यात काय विशेष? ते सोपे कोणी केले, हे कापून टाकलेल्या भागात असतं.

याचे परिणाम बघा. १९९६ मध्ये एनबीएने ५० महान खेळाडूंची यादी काढली, त्यात तो नाही. २०२१ मध्ये ७५ वर्षांची यादी आली, त्यातही नाही. हे मला चुकीचं वाटतं आणि मी ते स्पष्ट म्हणतो. एका दशकात सर्वाधिक गुण करणारा माणूस दोन्ही याद्यांबाहेर राहतो, तेव्हा यादी करणाऱ्यांनी निकाल काढताना काय बघितलं असा प्रश्न पडतो.

त्याच्याविरुद्धचा एक आक्षेप मात्र खरा आहे, तो लपवू नका. डग मोच्या हाताखालचा डेन्व्हर संघ भयंकर वेगाने खेळायचा. १९८१-८२ मध्ये त्यांनी सामन्यामागे सरासरी १२६.५ गुण केले आणि १२६ दिलेही! एवढ्या वेगात प्रत्येकाला शॉट जास्त मिळतात, त्यामुळे गुणांची सरासरी फुगते. संथ संघात इंग्लिशची २८ची सरासरी २४-२५ झाली असती असं माझं मत आहे. पण वेगाने शॉटची संख्या वाढते, नेम वाढत नाही. उलट दमलेल्या पायांनी तो घसरतो. त्या १९८१-८२च्या हंगामात इंग्लिशचा नेम ५५ टक्के होता. शिवाय कारकिर्दीत ४,३५१ असिस्ट, म्हणजे साथीदाराला बास्केट करून देणारे पास, आहेत. शॉट मारण्यासाठीच जन्मलेल्या माणसाचा हा आकडा नव्हे. बचावात तो काही भिंत नव्हता, तो संघच बचावासाठी प्रसिद्ध नव्हता. हे मान्य करूनही त्याची जागा फार वरची आहे.

मैदानाबाहेरचं एक सांगतो, कारण आपल्या भागातल्या लोकांना ते जास्त कळेल. इथिओपियात १९८४-८५चा भयानक दुष्काळ पडला तेव्हा ऑल-स्टार सामन्याला आलेल्या खेळाडूंनी त्या सामन्याचं मानधन दुष्काळग्रस्तांना द्यावं म्हणून इंग्लिशने पुढाकार घेतला. १९७२चा दुष्काळ भोगलेली, खडी फोडायला गेलेली माणसं आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्या नातवंडांना हा खेळाडू या एका कारणानेही जवळचा वाटतो, हा माझा अनुभव आहे. १९८८ मध्ये एनबीएने त्याला समाजकार्यासाठीचा जे. वॉल्टर केनेडी पुरस्कार दिला. खेळत असतानाच तो कविता लिहायचा, त्या पुस्तकरूपाने छापल्याही गेल्या.

करीचं काय करायचं? लेकरांपासून करी तोडू नका. फक्त त्याचा अख्खा सामना दाखवा, तुकडे नकोत. करी त्याच्या पिढीतला बॉलशिवाय सर्वांत जास्त पळणाऱ्यांपैकी एक आहे. त्याचे कितीतरी शॉट दोन-तीन स्क्रीनच्या, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या साथीदारांच्या, आडून पळून, पास देऊन परत जागा मिळवून आलेले असतात. लेकरं शेवटचा शॉट उचलतात आणि त्याआधीची धाव सोडून देतात. इंग्लिशमध्ये ती धाव संथ आणि स्वच्छ दिसते. ती कळली की मग करी परत दाखवा. तोच व्हिडिओ लेकरं वेगळ्या नजरेने बघतील.

मैदानावर सुरुवात अशी करा. अर्ध्या मैदानावर तीन विरुद्ध तीन, ड्रिबल पूर्ण बंद. बॉल मिळाल्यापासून तुम्ही मोठ्याने "एक, दोन" म्हणायचं. दोनला बॉल हातात असेल तर तो समोरच्या संघाचा. पास दिला की देणाऱ्याने रिंगकडे कट मारायचाच, म्हणजे बचावपटूला चुकवून झटकन आत पळायचंच, बॉल परत मिळो न मिळो. पहिले काही दिवस गोंधळ होईल, पोरं एकमेकांवर आदळतील, ज्याला ड्रिबल चांगलं येतं तो रुसेल. त्याला समजवा, नियम बदलू नका. बास्केट कटवरून आलं तर दोन गुण, उभ्या उभ्या आलं तर एक, असं मोजा. एका विद्यार्थ्याला वहीत फक्त कट मोजायला बसवा, आणि सराव संपल्यावर गुणांच्या आधी ते आकडे वाचून दाखवा. दुखापतीमुळे बाहेर असलेलं पोर या कामाला उत्तम.

शॉटचा सराव कटला जोडूनच घ्या. कोपऱ्यातून आत, फ्री-थ्रो रेषेच्या टोकाशी पास, थांबून शॉट. बारा फुटांच्या पलीकडे चौदा वर्षांखालच्यांना जाऊ देऊ नका. उन्हाळी शिबिरात हे सगळं सकाळी साडेआठच्या आत उरका. एप्रिल-मेमध्ये त्यानंतर आपल्या सिमेंटवर पाय ठेवणं म्हणजे लेकरांचे हाल.

आणि तालुक्याच्या स्पर्धेच्या महिनाभर आधी हे सुरू करू नका, कारण पहिल्या काही आठवड्यांत संघाचे गुण कमी होतात आणि मुख्याध्यापक नेमके तेव्हाच विचारायला येतात. पावसाळी स्पर्धा आटोपल्या की दिवाळीनंतर सुरू करा. ड्रिबल परत द्याल तेव्हा एकदम मोकळं सोडू नका; आधी एकच ड्रिबल, तोही फक्त रिंगकडे जाताना. दोन ड्रिबलची परवानगी कधी द्यायची हे वहीतल्या कटांच्या आकड्यावरून ठरवा.